निर्वासितांचा छापखाना

दरवर्षी २१ जून हा दिवस व्हिएतनाममध्ये वृत्तपत्रदिन म्हणून सरकारी इतमामाने साजरा होतो. १९२५ साली ह्या दिवशी ‘थान निएन’ म्हणजे ‘तरुण’ नावाच्या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, आणि तो काढणारे गृहस्थ पुढे हो चि मिन्ह ह्या नावाने जगाला ठाऊक झाले. परंतु तो अंक ना हनोईत निघाला होता ना सायगॉनमध्ये. तो निघाला चीनमधील कँटन शहरी, परक्या मुलखाच्या आश्रयाने, आणि तेथून चोरवाटांनी मायदेशी पोचविला जाई. त्याच्याही तीन वर्षे आधी ह्याच गृहस्थांनी पॅरिसमध्ये ‘ल पारिया’ हे फ्रेंच पत्र चालविले होते. तात्पर्य, ज्या राजवटीने १९७५ नंतर दक्षिण व्हिएतनाममधील खाजगी वृत्तपत्रे एकामागून एक बंद केली, तिची स्वतःची वृत्तपत्रपरंपरा एका परागंदा माणसाच्या हातून परमुलखात जन्मास आली होती; आणि पुढे अर्धशतकाने त्याच राजवटीच्या भयाने देशोधडीस लागलेल्या लोकांनी कॅलिफोर्नियात, पॅरिसमध्ये, टोरांटोत व सिडनीत जेव्हा आपले छापखाने मांडले, तेव्हा आपल्या कट्टर वैऱ्याचाच कित्ता आपण गिरवीत आहोत हे त्यांच्यापैकी किती जणांच्या ध्यानी आले असेल, कोण जाणे.

हे लोक वृत्तपत्राच्या धंद्यात नवखे मात्र नव्हते. सायगॉन हे वृत्तपत्रवेडे शहर होते. तेथील दैनिकांत बातम्यांच्या बरोबरीने तीनतीन-चारचार कादंबऱ्या क्रमशः चालत, आणि हाँगकाँगच्या जिन युंग ह्या लेखकाच्या तलवारबहाद्दरांच्या कथांची भाषांतरे तर इतकी लोकप्रिय होती की हाँगकाँगहून विमानाने येणाऱ्या चिनी पत्रांची वाट संपादक लोक युद्धवार्तांइतक्याच उत्कंठेने पाहात. ‘सांग ताओ’, ‘वान’, ‘बाख खोआ’ अशी वाङ्मयीन नियतकालिके साहित्याचा संसार सांभाळीत होती. हे सारे नांदत होते ते काही निर्भेळ स्वातंत्र्यात नव्हे. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष थिएऊ ह्यांनी ‘००७’ क्रमांकाचे जे फर्मान काढले, त्यान्वये प्रत्येक दैनिकाने दोन कोटी दोंग अनामत म्हणून सरकारात भरावे असे ठरले, आणि ज्यांच्या गाठीस एवढी रक्कम नव्हती अशा कित्येक पत्रांना मुकाट्याने टाळे लागले. त्याच्या निषेधार्थ १० ऑक्टोबर १९७४ रोजी सायगॉनच्या पत्रकारांनी डोक्यावर पानांच्या टोप्या, हातात काठी आणि खांद्यावर झोळी अशा वेषात भररस्त्यातून भिक्षा मागत मिरवणूक काढली. ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. कारण परदेशी गेल्यावर ह्या पत्रांतून जुन्या सायगॉनचे जे चित्र उभे राहिले त्यात ही झोळी सहसा दिसत नाही.

ह्या मिरवणुकीला सात महिने होतात न होतात तोच, ३० एप्रिल १९७५ रोजी, सायगॉन पडले. त्या वसंतात सव्वा लाखांहून अधिक माणसे अमेरिकेच्या आश्रयास गेली. बहुतेकांचा पहिला मुक्काम ग्वाम बेटावरील तंबूंच्या नगरात पडला, आणि तेथून त्यांची रवानगी पेंडल्टन, फोर्ट चॅफी, इंडियनटाउन गॅप व एग्लिन ह्या चार लष्करी छावण्यांत झाली. छावणीतच पहिली पत्रे निघाली. ग्वामवर ‘चान त्रोई मोई’ म्हणजे ‘नवे क्षितिज’ होते. इंडियनटाउन गॅपमध्ये ‘दात लान’ म्हणजे ‘सुभूमी’. ही पत्रे छावणीच्या अमलदारांच्या देखरेखीखाली निघत असल्यामुळे त्यांतील मजकूर बहुतांशी उपदेशाचा असे: नियम काय आहेत, इंग्रजी कसे बोलावे, अमेरिकन यजमानाच्या घरी कसे वागावे. नावे तर मोठी मंगल. पण ती वाचणाऱ्यांच्या मनात त्या वेळी ना क्षितिज होते ना सुभूमी. मागे कोण राहिले, कोणत्या जहाजावर कोण चढले आणि कोणत्या छावणीत कोण उतरले, एवढाच प्रश्न जो तो विचारीत होता.

अमेरिकी सरकारच्या धोरणाने ह्या प्रश्नाला आणखीच धार आली. एकाच शहरावर भार पडू नये आणि निर्वासितांची निराळी वस्ती होऊ नये, म्हणून त्यांना देशभर विखरून टाकावयाचे असा निर्णय झाला होता. चर्च, धर्मादाय संस्था किंवा एखादे सदय कुटुंब जामीन राहिले की त्या कुटुंबाच्या गावी निर्वासितांनी जावयाचे, मग ते गाव मिनेसोटाच्या बर्फात असो की ओक्लाहोमाच्या माळावर. ह्या पांगापांगीत शेजारी स्वभाषेचे अक्षर जाणणारा कोणी नाही अशी हजारो घरे निर्माण झाली, आणि वृत्तपत्राची खरी गरज नेमकी तेथेच उत्पन्न झाली. १९७५ सालीच सिएटलमध्ये ‘दात मोई’ म्हणजे ‘नवी भूमी’ हे पत्र निघाले आणि सायगॉनमधील नामांकित कवी थान नाम त्याच्या संपादनात गुंतले. पाठोपाठ दक्षिण कॅलिफोर्नियात ‘होन व्हिएत’ आणि ‘त्रांग देन’ ही पत्रे आली. ह्यांपैकी दुसऱ्याने तर सायगॉनमधील जुने नावच पुन्हा धारण केले. ह्या सर्वांतून एक सदर अखंड चालत असे, ते नातलगांच्या शोधाचे. नाव, मूळ गाव, पलटणीचा किंवा शाळेचा उल्लेख, शेवटची भेट कोठे व केव्हा झाली, आणि खाली परदेशातील टपालाचा पत्ता. एवढ्या चार ओळींत एकेका कुटुंबाची फाळणी मावून जाई. पुढे १९७८-७९ मध्ये होड्यांतून समुद्र ओलांडणाऱ्यांची लाट आली, मलेशियातील बिदोंग ह्या जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या बेटावर चाळीस हजार माणसे कोंबली गेली, आणि हे सदर अधिकच लांबले. १९७५ ते १९९५ ह्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख व्हिएतनामी माणसे समुद्रमार्गे परक्या किनाऱ्यास जिवंत लागली असा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-कचेरीचा हिशेब आहे. जी लागली नाहीत त्यांच्याविषयीच्या चौकश्याही ह्याच सदरात येत, आणि कित्येक वर्षे येत राहिल्या.

ही पत्रे छापणे हेही एक दिव्यच होते. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे अमेरिकन छापखान्यात तिची सोय आयतीच झाली असावी असे आपल्याला वाटते. परंतु त्या लिपीत नेहमीच्या अक्षरांखेरीज टोपी, शिंग किंवा आडवी रेघ धारण करणारी सात निराळी अक्षरे आहेत, आणि भाषेत सूर सहा असल्यामुळे पाच सुरांच्या खुणा स्वरांच्या डोक्यावर अगर पायाशी द्याव्या लागतात. खूण चुकली की आईच्या जागी कबर येते आणि घोड्याच्या जागी भाताचे रोप. कॅलिफोर्नियातील टंकलेखन यंत्रांवर ह्यांतले काहीच नव्हते. मग मजकूर आधी इंग्रजी यंत्रावर बिनखुणांचा उतरवावयाचा, आणि नंतर कोणीतरी बारीक टोकाचे पेन घेऊन ओळीमागून ओळ, पानामागून पान, हजारो खुणा हाताने भरावयाच्या, असा उद्योग सुरू झाला. ऑफसेट छपाई पानाचे छायाचित्रच घेते म्हणून हे निभावले. शिशाच्या खिळ्यांचा काळ असता तर सारा व्यवहार जुळाऱ्यापाशीच अडला असता. ह्या कष्टातून सुटका झाली ती संगणक आल्यावर. हो थान व्हिएत ह्या निर्वासितानेच १९८७ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे ‘व्ही. एन. आय.’ नावाची व्हिएतनामी टंकलेखनाची प्रणाली सिद्ध केली, आणि जगभरच्या व्हिएतनामी छापखान्यांचे काम हलके केले.

ह्या लिपीच्या संदर्भात आपल्या गोव्याची आठवण काढणे अप्रस्तुत होणार नाही. व्हिएतनामी भाषेला रोमन वेष चढविण्याचे काम सतराव्या शतकातील जेझुइट पाद्र्यांनी केले. फ्रान्सिस्को द पिना आदी पोर्तुगीज धर्मोपदेशकांनी त्याचा पाया घातला आणि अलेक्झांडर द ऱ्होड ह्यांनी १६५१ साली रोममध्ये छापलेल्या कोशाने त्याला स्थिर रूप दिले. हे द ऱ्होड पूर्वेकडे निघाले तेव्हा प्रथम उतरले ते गोव्यात, १६१९ च्या ऑक्टोबरात, आणि पुढील दोन-अडीच वर्षे त्यांचा मुक्काम गोवे व साष्टी ह्या भागातच होता. त्याच साली फादर स्टीफन्स कालवश झाले, ज्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ तीनच वर्षांपूर्वी रायतूर येथे रोमन अक्षरांत छापून निघाले होते. आशियाई भाषांचे उच्चार पोर्तुगीज वळणाच्या अक्षरांत कसे पकडावेत, ह्याचा एक उत्तम नमुना द ऱ्होड ह्यांच्या डोळ्यांसमोर साष्टीत सिद्ध होता. त्याचा त्यांनी किती लाभ घेतला हा संशोधकांचा प्रांत आहे. मराठीने तो वेष पुढे टाकून दिला. व्हिएतनामीने, तोही विसाव्या शतकात, अंगभूत करून घेतला.

आता ज्या पत्राने ह्या सर्व पत्रांना पोटापाण्याचा मार्ग दाखविला त्याच्याकडे वळू. दो न्गोक येन हे सायगॉनमधले वार्ताहर १९७५ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत आले. काही वर्षे इकडे तिकडे काढल्यावर १५ डिसेंबर १९७८ रोजी त्यांनी ऑरेंज कौंटीतील आपल्या घराच्या गॅरेजमधून ‘न्गुओई व्हिएत’ म्हणजे ‘व्हिएतनामी माणूस’ हे साप्ताहिक सुरू केले. भांडवल शिलकीतल्या चार हजार डॉलरांचे, पाने चार, प्रती सुमारे दोन हजार. आणि त्या वाटण्याचे कामही संपादकाचेच. येन ह्यांना एक गोष्ट इतरांच्या आधी उमगली असावी. बहुतेक पत्रे मायभूमीचा शोक करण्यात किंवा तिच्या पुनःप्राप्तीच्या गर्जना करण्यात रमली असताना त्यांनी नव्या देशात भाड्याचा करार कसा करावा, मुलाला शाळेत कसे घालावे, कर कोणता व केव्हा भरावा, मतदानाची नोंदणी कशी करावी, असला रुक्ष पण उपयुक्त मजकूर पदराशी बांधला. वाचक वाढले, साप्ताहिकाचे दैनिक झाले, मालकीचे भाग येन ह्यांनी कर्मचाऱ्यांत वाटून दिले, आणि २००६ मध्ये ते निवर्तले तेव्हा ‘न्गुओई व्हिएत’ हे अमेरिकेतील सर्वांत मोठे व्हिएतनामी दैनिक म्हणून ओळखले जात होते.

पैसा आला कोठून? वर्गणीतून फारसा आला नाही. निर्वासितांची पांगापांग करण्याचे सरकारी धोरण लोकांनी आपल्या पायांनी मोडीत काढले होते. थंडीला व एकलेपणाला कंटाळून ते कॅलिफोर्नियाकडे व टेक्ससकडे लोटले, वेस्टमिन्स्टरमधील बोल्सा मार्गाच्या दोन्ही अंगांना दुकाने उभी राहिली, आणि १९८८ मध्ये ‘लिटल सायगॉन’ ही पाटी खुद्द गव्हर्नरांच्या हस्ते महामार्गावर लागली. दुकान आले की जाहिरात आली. दंतवैद्य, वकील, घरांचे दलाल, विमानाची तिकिटे विकणारे, मायदेशी पैसे पोचविणारे, फो नावाच्या रश्शाची उपाहारगृहे, आणि ह्या सर्वांहून अधिक म्हणजे नखे रंगविण्याची दुकाने. ह्या शेवटच्या धंद्याची कुळकथा मजेदार आहे. हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’ चित्रपटाची नायिका टिपी हेड्रन १९७५ मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत मदतीस जात असे. तिची रंगविलेली नखे पाहून तेथल्या बायका हरखल्या, तेव्हा तिने आपल्या नखे रंगविणाऱ्या बाईलाच आणून वीस जणींना ते काम शिकविले. त्यातून वाढत गेलेल्या व्यवसायाने अमेरिकेचा मोठा बाजार व्यापला, आणि ‘कारागीर पाहिजेत’ ह्या त्यांच्या छोट्या जाहिरातींनी व्हिएतनामी पत्रांची पानेच्या पाने भरून काढली. अनेक पत्रे त्यामुळे फुकट वाटणे शक्य झाले. उच्च राजकीय अग्रलेखांचा खर्च नखांच्या रंगातून निघत होता हे सत्य आहे, आणि त्यात कमीपणा वाटावा असे काही नाही.

वाङ्मयीन मासिकांना मात्र असला आधार नव्हता. ती चालली ती माणसांच्या हट्टावर. वो फिएन हे दक्षिणेतील मोठे निबंधकार दिवसा लॉस एंजेलिस कौंटीच्या कचेरीत नोकरी करीत आणि उरल्या वेळात लेखन व संपादन. १९७८ मध्ये त्यांनी ‘वान होक न्गे थुआत’ काढले, आणि पुढे १९८६ पासून कादंबरीकार न्गुएन मोंग याक ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘वान होक’ म्हणून ती परंपरा चालली. सायगॉनमधील ‘वान’चे अखेरचे संपादक माई थाओ १९७७ च्या अखेरीस होडीतून निसटले, आणि १९८२ मध्ये त्यांनी तेच मासिक त्याच नावाने कॅलिफोर्नियात पुनश्च उभे केले. ह्या अविवाहित, मद्यप्रिय आणि शैलीच्या बाबतीत कमालीच्या काटेकोर गृहस्थाने बोल्सा मार्गालगतच्या एका उपाहारगृहामागील लहानशा खोलीतून चौदा वर्षे ‘वान’ चालविले आणि १९९६ मध्ये ते न्गुएन शुआन होआंग ह्यांच्या हाती सोपविले. पॅरिसमध्ये वो वान आय ह्यांचे ‘क्वे मे’ १९७६ पासून, हॅनोव्हरच्या बौद्ध विहारातून ‘व्हिएन याक’ १९७९ पासून, आणि टोरांटोत ‘लांग वान’ १९८४ पासून निघू लागले. ऑस्ट्रेलियात सिडनीचे ‘व्हिएत लुआन’ व ‘चिएऊ युओंग’ आणि मेलबर्नचे ‘तिव्ही तुआन सान’ ही वृत्तपत्राच्या कोटीतली होती. त्यांची कथा कॅलिफोर्नियाहून फारशी वेगळी नाही.

ह्या मासिकांनी काय साधले हे समजण्यासाठी मायदेशी काय चालले होते ते पाहावे लागते. सायगॉन पडल्यावर दक्षिणेतील वीस वर्षांचे वाङ्मय ‘विलासी व प्रतिक्रांतिकारक’ ठरवून जप्त करण्यात आले, ग्रंथालये रिकामी झाली, पुस्तके जाळली गेली, आणि १९७६ च्या वसंतात लेखकांची धरपकड झाली. न्या का ह्या लेखिकेने १९६८ च्या ह्युए शहरातील हत्याकांडावर लिहिले होते. तिला तुरुंगात टाकले, आणि तिचे पती कवी त्रान या तू ह्यांना बारा वर्षे कैदेत काढावी लागली. हेच जोडपे पुढे स्वीडनमार्गे कॅलिफोर्नियात आले आणि १९९२ मध्ये त्यांनी ‘व्हिएत बाओ’ हे पत्र स्थापिले. ह्या पत्राची २००० सालापासून चालत आलेली ‘अमेरिकेविषयी लिहा’ ही स्पर्धा मला सर्व व्हिएतनामी पत्रांच्या उपक्रमांत सरस वाटते. कारण तिच्यात लिहितात ते व्यवसायाने लेखक नव्हेत. नखे रंगविणाऱ्या बाया, निवृत्त सैनिक, कारखान्यातले जोडारी, आजारी नवऱ्याची सेवा करणाऱ्या आज्या, अशांच्या हातची ती आत्मवृत्ते आहेत, आणि कोणत्याही सरकारी दफ्तरात न सापडणारा निर्वासितांचा इतिहास त्यांत साठला आहे.

न्गुएन ची थिएन ह्यांची हकीकत तर कादंबरीत शोभावी अशी आहे. उत्तर व्हिएतनाममधील हा कवी आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात काढीत असताना, कागद-पेन्सिलीची बंदी असल्यामुळे, रचलेल्या कविता मुखोद्गत करून ठेवी. सुटकेच्या एका अल्प काळात, जुलै १९७९ मध्ये, त्याने सुमारे चारशे कवितांची हस्तलिखित वही घेऊन हनोईतील ब्रिटिश वकिलातीत धाव घेतली, वही तेथील अधिकाऱ्यांच्या हवाली केली, आणि बाहेर पडताच तो पकडला गेला. वही परदेशी पोचली. १९८० मध्ये निर्वासितांच्या छापखान्यात कविता छापून निघाल्या, त्यांना चाली लागल्या, सभांतून त्या गायिल्या गेल्या, आणि हे सर्व कवीचे नाव नक्की ठाऊक नसताना घडले. कवी सुटला १९९१ मध्ये व अमेरिकेत आला १९९५ मध्ये. एवढ्यावर गोष्ट संपती तर बरे होते. परंतु ज्या समाजाने त्याच्या कविता छापल्या त्याच समाजातील काही पत्रांनी, हा खरा कवी नव्हेच, हनोईने पाठविलेला तोतया आहे, असा ओरडा वर्षानुवर्षे केला, आणि अखेर त्या वृद्ध माणसाला पत्रकारांपुढे बसून स्वतःचे हस्ताक्षर स्वतःचेच असल्याचा पुरावा सादर करावा लागला.

संशयाचा हा रोग ह्या वृत्तपत्रसृष्टीच्या हाडीमासी खिळला होता, आणि तो केवळ शाब्दिक राहिला नाही. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत युओंग त्रोंग लाम ह्यांना गोळी घालण्यात आली; त्यांचे पत्र हनोईकडे झुकलेले होते. १९८२ मध्ये ह्यूस्टनला ‘तू यो’ म्हणजे ‘स्वातंत्र्य’ ह्या पत्राचे न्गुएन दाम फोंग मारले गेले. ते कडवे कम्युनिस्टविरोधीच होते, परंतु मुक्तिलढ्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या ‘राष्ट्रीय आघाडी’च्या हिशेबांविषयी त्यांनी अप्रिय प्रश्न विचारले होते. १९८७ मध्ये गार्डन ग्रोव्ह येथे ‘माई’ मासिकाची कचेरी पेटविली गेली आणि होआय दिएप तू ह्या नावाने लिहिणारे संपादक आत जळून मेले; त्यांच्या मासिकात मायदेशी पैसे पाठविणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती येत. १९८९ व १९९० मध्ये व्हर्जिनियात ‘वान न्गे तिएन फोंग’ ह्या नियतकालिकाचे अंकजुळणी करणारे दो त्रोंग न्हान आणि स्तंभलेखक ले त्रिएत ह्यांचे खून झाले, दुसऱ्या वेळी पत्नीसह. ह्यांतील काही कृत्यांची जबाबदारी निनावी संघटनेच्या पत्रकांनी घेतली. आघाडीवर संशय घेतला गेला व तिच्या लोकांनी तो नाकारला. संघराज्याच्या गुप्त पोलिसांनी वर्षानुवर्षे तपास केला. पाचांपैकी एकाही खुनात कोणास शिक्षा झालेली नाही.

सायगॉनमध्ये संपादकाला सरकारच्या कात्रीची भीती असे. येथे सरकार काही विचारीत नव्हते, पण रस्त्यापलीकडचा वाचक विचारीत होता. शब्दकोशातली शिवी राहो, ‘राष्ट्राध्यक्ष हो’ एवढे बिनविशेषण छापले तरी दारात निशाणे घेऊन जमाव यावा अशी स्थिती होती. पॅरिसहून टोरांटोपर्यंत विखुरलेल्या लेखकांबरोबरच देशातील लेखकांचेही साहित्य एकत्र छापावे, ह्या हेतूने चित्रकार खान त्रुओंग ह्यांनी १९९१ मध्ये ‘होप लिऊ’ म्हणजे ‘संगम’ हे मासिक काढले, तेव्हा त्यांच्यावर शत्रूशी संधान बांधल्याचा आळ आला. तरीही त्यांनी ते चालविले, आणि माझ्या मते परदेशातील व्हिएतनामी वाङ्मयाला त्या मासिकाइतका मोकळा वारा दुसऱ्या कोणी दिला नाही. एका साप्ताहिकाने ‘न्गुओई व्हिएत’ कम्युनिस्टांच्या पैशावर चालते असे लिहिले, तो वाद न्यायालयात गेला व २०१४ मध्ये ज्यूरीने दैनिकाच्या बाजूने पंचेचाळीस लाख डॉलरांची भरपाई ठरविली.

पण ह्या दैनिकावर आलेला सर्वांत कठीण प्रसंग त्याआधीचा, २००८ च्या तेत-अंकाचा. तेत म्हणजे चांद्र नववर्ष. त्या निमित्ताने प्रत्येक पत्र कथा, कविता, आठवणी, वर्षफल आणि पीच किंवा जर्दाळूच्या फुलांचे मुखपृष्ठ असा जाडजूड वसंत-अंक काढते, आणि घरोघर तो वाण्याच्या यादीत गुळासाखरेसारखा गणला जातो. आपल्या दिवाळी अंकाशी त्याचे साम्य इतके आहे की मराठी वाचकास त्याविषयी अधिक सांगावयास नको. आपल्याकडे ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ चा, तर हनोईच्या ‘नाम फोंग’चा तेत-अंक १९१८ चा, म्हणजे ही दोन्ही भावंडे एकाच पिढीतली. तर २००८ च्या अंकात एका तरुण चित्रकर्तीच्या कलाकृतीचे छायाचित्र छापले गेले. नखांच्या दुकानात पाय धुण्याचे जे भांडे असते ते तिने दक्षिण व्हिएतनामच्या निशाणाच्या रंगांत, पिवळ्यावर तीन तांबड्या रेघा, असे रंगविले होते, आणि त्या धंद्यात झिजलेल्या आपल्या सासूच्या कष्टांचा गौरव हा तिचा उद्देश होता. जुन्या सैनिकांना त्यात निशाणाची विटंबना दिसली. कित्येक महिने कचेरीपुढे धरणे चालले, दैनिकाने माफी मागितली, दोन संपादकांना दूर करण्यात आले. आणि त्यांपैकी एक जण तर कम्युनिस्टांच्या छावणीत दहा वर्षांहून अधिक काळ डांबला गेलेला होता. निदर्शकांचे दुःख खोटे होते असे मी म्हणत नाही. परंतु ज्या भांड्याने ह्या समाजाला आणि त्याच्या पत्रांना पोसले त्या भांड्यावर निशाणाचे रंग चढले म्हणून निशाण बाटले, हा निवाडा मला पटत नाही.

आज ह्या पत्रांचा वाचक म्हातारा झाला आहे. अमेरिकेतील व्हिएतनामी वंशाच्या लोकांची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली असली, तरी तेथे जन्मलेली पिढी भाषा बोलते ती स्वयंपाकघरापुरती आणि वाचते त्याहून कमी. मोठ्या भांडवलानेही हे कोडे सुटले नाही: सॅन होजे येथील एका बड्या इंग्रजी दैनिकाने १९९९ मध्ये ‘व्हिएत मर्क्युरी’ हे व्हिएतनामी साप्ताहिक थाटामाटाने काढले आणि २००५ मध्ये बंद केले. रेडिओ, दूरचित्रवाणी आणि दूरध्वनीच्या पडद्यावरील चलच्चित्रांनी वृद्धांनाही आपल्याकडे ओढले आहे, आणि ‘वान’, ‘वान होक’, ‘लांग वान’ ह्यांची छपाई केव्हाच थांबली.

जे छापले गेले ते मात्र नाहीसे झालेले नाही. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८७ मध्ये आग्नेय आशियाई निर्वासितांचा दस्तऐवजसंग्रह सुरू केला, न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाकडेही व्हिएतनामी पत्रांचा मोठा साठा आहे, आणि वो फिएन ह्यांनी दक्षिणेच्या वाङ्मयाचा जो अनेक खंडी आढावा लिहिला तो परदेशात शिल्लक उरलेल्या अशाच छापील साठ्यांच्या आधारावर. विसाव्या शतकातील व्हिएतनामी साहित्याचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला हनोई आणि सायगॉन येथील ग्रंथालये पुरणार नाहीत. त्याला कॅलिफोर्नियातील ह्या खोक्यांपर्यंत जावेच लागेल.